हेल्मेटवरची तांबडी वीज

"ह्यात खून झालाय," असं म्हणून त्या मुलीनं खताची गोणी टेबलावर ठेवली आणि सर्जेरावमामांच्या हातातला चहा बशीत सांडला.

बारामतीत भिगवण रस्त्याला, मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर राजलक्ष्मी देवकातेंची कचेरी आहे. राजलक्ष्मी आधी पीकविम्याच्या पंचनाम्यांची कामं करायच्या. बांधाबांधानं हिंडून खरं नुकसान कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखायची त्यांना इतकी सवय झाली, की पुढं त्यांनी शंका घेण्याचाच धंदा केला. मामा हे त्यांचे सख्खे मामा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. गाडी उत्तम चालवतात. डोकं थोडं सावकाश चालतं, पण थांब्यावर पोचतं.

गोणीतून मुंडकं निघालं नाही. निघालं ते एक लोखंडी हेल्मेट, आणि इतकं देखणं, की मामा चहा पुसायचा विसरले. पातळ काळ्या पत्र्याचे तुकडे ठोकून ठोकून गोल केलेले, एकावर एक चढवून बारीक रिबिटांनी जोडलेले आणि आरशासारखे घासलेले. पण कपाळावर कुणीतरी ब्रशनं वर्तुळ काढलं होतं आणि वर्तुळात वीज. खूण तांबडट तपकिरी होती. हेल्मेटखाली अंथरलेलं पांढरं फडकंही मुलीनं आणलं होतं. त्यावर चार-दोन थेंब पडले होते. ते मात्र फिक्या निळ्या रंगाचे होते.

"बस," राजलक्ष्मी म्हणाल्या. "नाव सांग, मग रड."

मुलीचं नाव श्रेया. राहणार जळोची. तिचे वडील, अप्पा, पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे.

"तुम्ही 'शून्यरथ' बघता का, मॅडम?"

"नाही."

"'वज्रकाय'?"

"तेही नाही."

मुलीनं ज्या नजरेनं बघितलं, ती मामांना फार लागली. शेवटी त्यांनाच समजून घ्यावं लागलं. 'शून्यरथ' ही अंतराळातल्या यानांची चित्रपटमालिका. 'वज्रकाय' ही वीज अंगात मुरलेल्या सुपरहिरोची. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली निम्मी कॉलेजं रथवाली, निम्मी वज्रवाली. सगळं भांडण फोनवरच्या ग्रुपांत चालायचं. या वर्षी मात्र समोरासमोर जाहीर वादविवाद ठरला होता. आज दुपारी चार वाजता, जळोचीच्या हॉलवर.

"परीक्षक म्हणून पुण्याच्या वृषालीताई येणार आहेत," श्रेया म्हणाली. "त्यांच्या कार्यशाळेत सिनेमा-नाटकांची चिलखतं बनतात. हे हेल्मेट आमच्या नायकाचं, रथपतीचं. मी बनवलंय. ते बघून त्या मला कामावर घेतील अशी आशा होती. अप्पा म्हणाले, आज त्या बाई काय म्हणत्यात ते बघू, न्हायतर उद्यापासून ही डबडी बंद आन् कोठ्या सुरू."

"कधी दिसलं हे?"

"आज सकाळी. काल संध्याकाळी थिनरनं पुसून हॉलच्या बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी वरून लॅकर मारणार होते, म्हणजे गंजणार नाही. जाऊन बघते तर असं. ही वज्रवाल्यांची खूण आहे."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"फक्त रणजितला फोन केला. तो आमच्या गटाचा प्रमुख, शेळगावचा. म्हटलं, हेल्मेट नासवलं, वज्राची खूण काढली. त्यापुढं मला बोलताच येईना. फोटो कुणालाच पाठवला नाही. आणि फडक्यात गुंडाळून तडक इकडं आले."

राजलक्ष्मींनी हेल्मेट खिडकीशी नेलं. तांबडी वीज नखानं खरवडली. काही निघालं नाही. हुंगून बघितली. वास नव्हता.

"दोन रंग," मामा बोट वर करून म्हणाले. "हेल्मेटवर तांबडा, फडक्यावर निळा. म्हणजे दोघं जण हुते!"

"कदाचित," राजलक्ष्मी म्हणाल्या. भाचीनं 'कदाचित' म्हटलं की आपलं चुकलं, हे मामांना एव्हाना ठाऊक झालं होतं.

हॉलची राखण बनाबाईंकडे होती. हॉलच्या मागंच त्यांचं घर. त्या बाजूच्या खोलीची किल्ली कमरेला लावत नसत, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवत.

"मग कुलूप कशाला लावता, मावशी?" मामांनी विचारलं.

"कुत्री शिरत्यात," बनाबाई म्हणाल्या.

"काल संध्याकाळी श्रेया हेल्मेट ठेवून गेल्यावर कोण कोण आलं होतं?" राजलक्ष्मींनी विचारलं.

"तिघं. ती रंगवाली पोरगी आन् कोऱ्हाळ्याचा इंद्रजित पोस्टरं लावाय आलं. नंतर माईक बघाय शेळगावचा रणजित. तिघांनीबी किल्ली नेली आन् तिघांनीबी आणून लावली."

"काही वेगळं दिसलं?"

बनाबाईंनी विचार केला. "त्या कोऱ्हाळ्याच्या पोराचं हात कोपरापतुर निळं हुतं. आन् माईकवाल्यानं पाण्याची हिरवी बाटली आणली हुती. म्या म्हटलं, बाबा, माठ भरलेला हाय की. तर म्हणला, मला आमच्या हिरीचंच पाणी लागतं. म्हटलं, ऱ्हाऊ द्या, लाडाचं लेकरू दिसतंय."

मामांनी राजलक्ष्मींना बाजूला घेतलं. "निळं हात! मिटलं की प्रकरण."

"अजून नाही, मामा."

हॉलमध्ये एक मुलगी स्टुलावर चढून पोस्टर सरळ करत होती. ही सृष्टी, वज्रवाल्यांची चित्रकार. पोस्टरवर भली मोठी निळी वीज होती आणि तिच्याभोवती वर्तुळ. पण वर्तुळ खालच्या बाजूला बोटभर उघडं राहिलं होतं.

"इथला रंग संपला वाटतं," मामा म्हणाले.

सृष्टी स्टुलावरून खाली उतरली. "काका, तिसऱ्या भागात वज्रकायचा भाऊ मरतो. तेव्हा तो स्वतःचं कडं तोडतो. तेव्हापासून खूण अशीच असते, तुटकी. मिटलेलं वर्तुळ काढणाऱ्याला आम्ही ग्रुपमध्ये ठेवत नाही."

"रंग कुठला वापरतेस?" राजलक्ष्मींनी विचारलं.

"ऑइलपेंट. डबे काल माझ्या स्कूटीच्या डिकीतच घरी नेले. बघा."

डब्याचं झाकण काढताच रंगाचा उग्र दर्प आला. निळा एकदम गडद होता, शाईसारखा. राजलक्ष्मींनी काठीनं थेंबभर रंग कागदावर घेतला आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

इंद्रजित मागच्या दारानं आत आला. उसाच्या तोडीवरून सरळ आलेला दिसत होता. शर्टाला पाचटाची कुसं लागलेली, आणि नखांत निळा रंग तसाच.

"मी न्हाय केलं," तो कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाला. "सगळे मलाच फोन करून शिव्या द्यायलेत."

"श्रेयानं मला ग्रुप दाखवलाय. 'रथपतीच्या टाळक्यावर वीज पाडतो' असं कुणी लिहिलं होतं?"

"मीच. ती वादातली भाषा झाली हो, मॅडम. तेबी मला रोज 'विजेचा खांब' म्हणत्यात." तो श्रेयाकडं वळला. "श्रेया, तुझा रथपती मला अजिबात आवडत न्हाय. तीन भाग झाले, त्याला अजून एक ग्रह धड सापडला न्हाय. पण हेल्मेट मी काल बघितलं. हात लावायची माझी हिंमत झाली न्हाय. कळलं?"

"शेती कसली तुमची?" राजलक्ष्मींनी मध्येच विचारलं.

"ऊस. दुसरं काहीच न्हाय."

कचेरीचा जिना चढून आली तेव्हा श्रेयाला जी खात्री होती, ती आता राहिली नव्हती, आणि खात्री गेल्यावर तिला जास्तच भीती वाटायला लागली होती.

शेळगावला जाताना मामांनी उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या देत गाडी हाणली. मध्येच ते हळूच म्हणाले, "राजी, ही पोरगीच खोटं बोलत नसंल कशावरून? काम पुरं झालं नसंल, परीक्षेला घाबरली असंल."

"तीही शंका घेऊन ठेवलीय मी," राजलक्ष्मी म्हणाल्या. मागच्या सीटवरची श्रेया खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं ऐकलं होतं आणि तिला फार वाईट वाटलं.

राजलक्ष्मींनी तिच्याकडून नंबर घेऊन वृषालीताईंना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"निघालेच आहे मी," पलीकडून आवाज आला. "हेल्मेटचे फोटो अप्रतिम आहेत."

"तुम्ही आज नुसतं बघणार आहात?"

"छे! फोटोवर कोण विश्वास ठेवतो? बनवणाऱ्यानं सगळ्यांसमोर पत्र्याचा एक तुकडा ठोकून गोल करून दाखवायचा. हातोडा घेऊनच निघालेय. तसं परवाच कळवलंय."

"कुणाला?"

"ज्यांनी फोटो पाठवले त्यांना."

"मला हे कुणी सांगितलं नाही," श्रेया मागून म्हणाली. "फोटो, निरोप, सगळं रणजित बघतो. तो बोलायला छान आहे, म्हणून."

राजलक्ष्मींनी फोन ठेवला आणि मामांना गाडी जोरात घ्यायला सांगितली.

शेळगावात रणजितच्या घरामागं डाळिंबाची बाग होती. त्याचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, झाडांच्या खोडांना पेस्ट लावून घेत होते. बांधावर चुन्याची गोणी, निळे खडे भरलेली पिशवी आणि निळे ओघळ आलेली प्लास्टिकची पिंपं होती. एक बाई बादली घेऊन पिंपाकडं निघाली तसे तात्या ओरडले, "कुशाबाई, लोखंडी नगं! प्लास्टिकची घ्या. मोरचूद हाय त्यात."

"रणजित मदत करत नाही का?" राजलक्ष्मींनी सहज विचारलं.

"त्यो? बागंत पाय टाकत न्हाय. कालच्याला तेवढा पिंपापशी दिसला, म्हटलं सूर्य कुठं उगवला. तर म्हणला, बघाय आलतो."

राजलक्ष्मींनी तात्यांकडून चिमूटभर निळे खडे कागदात मागून घेतले. आमच्याही दारात एक डाळिंब आहे, म्हणाल्या. त्यांच्या दारात एक तुळस होती, पण मामांनी ते बोलून दाखवलं नाही.

रणजित ओसरीवर भाषणाची तयारी करत बसला होता. गोरा, तरतरीत, शब्द तोलून बोलणारा मुलगा. श्रेयाला बघून तो उठला.

"मी यायलाच निघालो होतो. पण ते हेल्मेट मला बघवणार नाही गं." तोंडावरून हात फिरवून तो राजलक्ष्मींकडं वळला. "मॅडम, यात तपास कसला करायचा? हेल्मेटवर निळी वीज काढणारा दुसरा कोण असणार?"

"वज्रवाल्यांबद्दल तुमचं मत फारसं बरं दिसत नाही."

"मत असायला बघावं लागतं. दुसऱ्या भागानंतर मी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे."

"हेल्मेट मात्र सुंदर झालंय. इतके तुकडे, जोड कसा दिलाय?"

"वेल्डिंग," रणजित म्हणाला. "फार बारीक काम असतं ते."

श्रेयाची मान झटकन वर झाली. राजलक्ष्मींनी तिच्या हातावर हात ठेवला.

चार वाजता जळोचीचा हॉल फुलला होता. एका बाजूला निळे रुमाल, दुसऱ्या बाजूला पांढरे. घोषणा नव्हत्या. सगळे एकमेकांकडं नुसते डोळे वटारून बघत होते आणि खुर्च्या सरकल्या तरी माना वळत होत्या. मागच्या भिंतीशी अप्पा उभे होते. कामाच्या कपड्यांतच आले होते. वृषालीताई पुढच्या रांगेत, आणि त्यांच्या मांडीवर खरंच हातोडा होता.

राजलक्ष्मी माईकपाशी गेल्या.

"वाद सुरू होण्याआधी एक पाच मिनिटं द्या. काल संध्याकाळी या हॉलमध्ये कुणीतरी श्रेयाचं हेल्मेट नासवलं." त्यांनी गोणीतून हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

हॉलमधून "अरे अरे" असा आवाज उठला. निळ्या रुमालांतूनही उठला.

"ही वज्रकायची खूण. म्हणून सगळ्यांनी इंद्रजितला धरलं. पण नीट बघा. वर्तुळ मिटलेलं आहे."

निळ्या रुमालांच्या माना पुढं आल्या. मग सृष्टी ताडकन उठली. "हे आमचं नाही! आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा असं काढणार नाही!"

"बरोबर. म्हणजे काढणाऱ्यानं तिसरा भाग बघितलेला नाही, आणि भिंतीवरच्या पोस्टरकडं बघायचंही त्याच्या जिवावर आलं. ज्याला तुमचा राग इतका आहे की शत्रूची खूणसुद्धा त्याला नीट माहीत नाही, असा माणूस. आता रंग. माझे मामा म्हणाले, रंग दोन म्हणजे माणसं दोन. हेल्मेटवर तांबडा, खालच्या फडक्यावर निळा. पण त्या तांबड्याला रंगाचा वास नव्हता आणि तो नखानं निघाला नाही. आणि फडक्यावरचा निळा फिका, सृष्टीचा ऑइलपेंट गडद." त्यांनी पर्समधला कागद फडक्याशेजारी ठेवला. "तो रंग नव्हताच. मामा, पाणी."

मामांनी काचेच्या पेल्यात पाणी दिलं. राजलक्ष्मींनी त्यात निळे खडे विरघळवले. पाणी सुंदर निळं झालं. त्यांनी ब्रश बुडवून एक रेघ पांढऱ्या रुमालावर ओढली. ती निळी. मग श्रेयाकडून घेतलेल्या घासलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर दुसरी रेघ ओढली आणि तुकडा वर धरला.

पत्र्यावरची रेघ सगळ्यांच्या देखत तांबडी होत गेली.

"मोरचूद," राजलक्ष्मी म्हणाल्या. "लोखंडाला लागला की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं. पंचनामे करत बागा हिंडले तेव्हापासून मला हे माहीत आहे. बागेत काम करणारा कुणीही मोरचूद लोखंडी बादलीत घेत नाही. उसाला हे लागत नाही. म्हणजे आपला माणूस डाळिंब-द्राक्षाच्या घरचा, पण बागेत पाय न टाकणारा. दुकानातून निळा रंग घेतला तर दुकानदाराच्या लक्षात राहील, म्हणून घरात जे निळं होतं ते त्यानं हिरव्या बाटलीत भरून आणलं. बनाबाईंना म्हणाला, आमच्या विहिरीचं पाणी आहे."

"व्हय, म्हणला!" बनाबाई दारातून ओरडल्या.

पांढऱ्या रुमालांच्या माना एकेक करून रणजितकडं वळल्या. तो हसायचा प्रयत्न करत होता.

"काहीतरीच काय, मॅडम. इंदापुरात काय माझ्या एकट्याचीच बाग आहे?"

"नाही. पण श्रेयानं तुम्हाला फोनवर रंग सांगितला नव्हता. तुम्ही हेल्मेट बघितलंही नव्हतं. आणि दुपारी मला म्हणालात, हेल्मेटवर निळी वीज."

"वज्रवाल्यांची वीज निळीच असते! कुणीही तसंच म्हणेल!"

"कुणीही म्हणेल. म्हणून एवढ्यावर मी तुम्हाला धरलं नसतं. पण काल बाजूच्या खोलीत गेलेल्या तिघांपैकी डाळिंबाची बाग एकाच्या घरी आहे. तिसरा भाग न बघितलेला त्या तिघांत एकच आहे. काल पिंपापाशी दिसलेला एकच आहे. तुम्ही खोलीतला दिवा लावला नाहीत, लावला असता तर मागच्या घरातून बनाबाईंना तुम्ही काय करताय ते दिसलं असतं. अंधारात लावलेलं निळं तांबडं झालेलं तुम्हाला कळलंच नाही."

"पण मी का करू?" रणजित ओरडला. "ते आमच्याच गटाचं हेल्मेट आहे!"

"वृषालीताई," राजलक्ष्मी शांतपणे म्हणाल्या, "फोटोंसोबत बनवणाऱ्याचं नाव काय आलं होतं?"

वृषालीताईंनी हातोडा टेबलावर ठेवला. "रणजित. आज ह्यांनाच ठोकून दाखवायला सांगणार होते मी."

श्रेया उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा बघून मामांनाच गलबलून आलं.

"हेल्मेट खराब झालं तर ठोकून दाखवायचं टळलं," राजलक्ष्मी म्हणाल्या. "दुःखी माणसाला कोण हातोडा देतं? ज्याला रिबिट आणि वेल्डिंग यातला फरक माहीत नाही, त्याला दुसरी वाट नव्हती."

रणजितनं हातातला भाषणाचा कागद चुरगाळला. त्याचा आवाज आता तोललेला नव्हता. "मी तुझंच नाव टाकणार होतो, श्रेया. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, हे तुम्ही बनवलंत का. एवढं कौतुक मला कधीच कुणी... मी हो म्हणालो. मग परत घेता येईना."

इंद्रजित बाह्या सारून पुढं आला. श्रेयानं त्याला हातानंच थांबवलं.

"मारायचं नाही. माईकवर जाऊन सांगू दे, कुणी बनवलंय ते. छान बोलतोस ना तू? बोल."

रणजित माईकपाशी गेला. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण त्यानं केलं. त्यात श्रेयाचं नाव होतं आणि दुसरं काही नव्हतं.

वृषालीताईंनी हातोडा उलटा धरून दांडा श्रेयापुढं केला. "मग? दाखवतेस?"

श्रेयानं हातोडा घेतला. पहिला घाव तिरका बसला, पत्रा टेबलावरून घसरला. दुसराही घसरला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अप्पा पुढं आले, आणि टेबलाशी वाकून त्यांनी पत्र्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, कोठीचा तळ ठोकताना रोज धरायचे तशी.

"मार," ते म्हणाले.

तिनं मारलं. मग तिचा हात थांबलाच नाही. सपाट पत्रा हळूहळू खोल होत गेला, वाटीसारखा. निळे रुमाल आणि पांढरे रुमाल मिसळून टेबलाभोवती कधी जमले ते कुणाला कळलं नाही.

वृषालीताईंनी वाटीत बोट फिरवून बघितलं. "पुढच्या सोमवारी येशील पुण्याला?"

श्रेयानं अप्पांकडं बघितलं. अप्पा पत्र्याकडं बघत होते. "जाईल की," ते म्हणाले. "कोठ्या मी करीन."

आता वाद सुरू करा, असं कुणीतरी ओरडलं. पण श्रेयानं आधी हेल्मेट जवळ ओढलं. अप्पांच्या खिशातली कानस मागून घेतली आणि तांबड्या वर्तुळाचा खालचा बोटभर तुकडा घासून काढला. वर्तुळ तुटलं. निळ्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट केला, इंद्रजितनं तर शिट्टीच मारली.

"काढायचीच होती, तर नीट काढायची," श्रेया रणजितकडं न बघता म्हणाली.

अप्पांनी हेल्मेट उचलून उजेडात धरलं, सगळीकडून फिरवून बघितलं आणि लेकीच्या हातात परत दिलं.

"आता लॅकर मार त्येला," ते म्हणाले. "गंजंल."